पाचव्या टप्प्यातला बुरूज

२ मार्च

सरकारच्या यात्रामार्ग मंडळाचं पत्र आज चौथ्यांदा वाचलं. माझं नाव बरोबर छापलंय, ही एकच जमेची बाजू. बाकी सगळा जाच. किनाऱ्याच्या यात्रामार्गावर पाहण्याजोग्या वास्तूंचं माझं पुस्तक आता सातव्या आवृत्तीला आलंय आणि त्यासाठी मी, वय वर्षं बासष्ट, सगळी वाट पुन्हा चालून यायची. अकरा वास्तू, अकरा फॉर्म. प्रत्येक फॉर्मवर मोजमाप, दगड, काळ, बांधणारा असे रकाने आणि तळाशी सही: 'ही वास्तू लेखकाने स्वतः पाहिलेली आहे.'

चौतीस वर्षांपूर्वी प्रस्तावनेचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं: 'या पुस्तकातलं प्रत्येक पाऊल लेखकाने स्वतः टाकलेलं आहे.' यात्रेकरू ते मला पाठ म्हणून दाखवतात. आता मंडळाला तेच सहीनिशी हवंय. म्हणजे आयुष्यभर वाट दाखवली त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुला पाय आहेत का?

मोजणीदार म्हणून बरोबर कोण, तर माझी पुतणी. थोरल्या भावाची, दादाची, एकुलती एक मुलगी. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "घरचंच माणूस आहे, सांभाळून घेईल." कोणी कोणाला सांभाळून घ्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही. दादा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ही पोरगी माझ्याशी चार वाक्यंसुद्धा बोललेली नाही, आणि आता बारा दिवस बरोबर.

४ मार्च

पहिला टप्पा. दीपगृह. माझ्या पुस्तकात पायऱ्या एकशे बेचाळीस. पुतणीने मोजल्या, एकशे एकोणचाळीस. "काका, तीन कमी भरतात."

म्हटलं, परत मोज. ती निमूट परत चढली. एकशे एकोणचाळीस. मग मी स्वतः चढलो. गुडघे बोंब मारत होते. वर पोहोचलो तेव्हा समोर समुद्र एवढा पसरलेला होता आणि माझ्या डोक्यात फक्त एकशे एकोणचाळीस.

"खालच्या तीन वाळूत गेल्या असतील," ती म्हणाली. दया दाखवून बोलली, तेच जास्त झोंबलं. चूक काढायची तर सरळ काढावी.

तिच्याकडे साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आहे. भिंतीला लावलं की आकडा येतो. मी माझी कापडी टेप काढली तर म्हणते, "राहू दे काका, ती ताणली गेलीय." टेप चौतीस वर्षं वापरात आहे. ताणली जाणार नाही तर काय होईल?

७ मार्च

सात कमानींचा पूल आणि मिठाची जुनी कोठारं आटोपली. पूल शाबूत आहे. माझा मूड नाही.

मंडळाने वाचकांच्या तक्रारींचा एक गठ्ठा पुतणीजवळ दिलाय. पत्रं एकसष्ट. त्यातली अठ्ठेचाळीस एकट्या पाचव्या टप्प्याबद्दल! पुलाच्या कठड्यावर बसून ती एकेक मोठ्याने वाचत होती आणि हसत होती. त्या टप्प्यावर बुरुजानंतरच्या सतरा किलोमीटरसाठी मी पुस्तकात दोनच वाक्यं लिहिली आहेत: 'पुढची वाट सरळ आहे. समुद्र डाव्या हाताला ठेवावा.' एकाने लिहिलंय, 'समुद्र डाव्या हातालाच होता, पण उजव्या हाताला बैल होता.' दुसऱ्या एका बाईंनी विचारलंय, 'लेखकाला सरळ म्हणजे काय ते माहीत आहे काय?'

लोकांना चालायला नको, दुसरं काय. नाचता येईना अंगण वाकडं. ती दोन वाक्यं माझ्या शैलीचा नमुना म्हणून एका मासिकाने छापली होती.

पत्रं गुंडाळताना पुतणीने विचारलं, "काका, पाचव्या टप्प्यात तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं होतं?"

"शांतता," मी म्हणालो.

तिने गठ्ठ्याला दोरी बांधली. मग म्हणाली, "हो. बाबापण तेच म्हणायचे."

९ मार्च

चौथा टप्पा. बुडालेल्या खलाशांचं दफनस्थान. एकशे सहा दगड, आकडा जुळला, देवाची कृपा.

दफनस्थानाखालच्या खडकावर मी मुद्दाम गेलो नाही. इथेच माझा पाय घसरला होता. शेवाळावर. पाय केळीच्या बुंध्याएवढा सुजला होता. हे मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही, या वहीतसुद्धा नाही. पण आता लिहिल्यावाचून जमत नाही, कारण परवा नदीपाशी पोहोचायचं आहे.

तर, पाचवा टप्पा मी चाललेलो नाही. मी इथल्या धर्मशाळेच्या खाटेवर आठ दिवस पडून होतो. माझी वही घेऊन दादा पुढे गेला. एका दिवसाचं चालणं आणि एका दिवसाचं परतणं, म्हणजे तिसऱ्या दिवशी यायला हवा होता. आला आठव्या दिवशी. मी चिडलो होतो, कारण प्रकाशक मागे लागला होता. दादा नुसता हसत होता. बूट कोरे, दाढी केलेली, आणि वहीत सुवाच्य अक्षरात पाचवा टप्पा लिहिलेला. नदीपाशी नाव लवकर मिळत नाही म्हणाला. नावाड्याची खानावळ आहे तिथे राहावं लागलं. निघताना मी त्याला बजावलं होतं की प्रत्येक टप्प्यात किमान एक तरी वास्तू हवीच, नुसत्या वाळूसाठी कोणी पुस्तक घेत नाही. त्याने आज्ञा पाळली होती: 'नावेतून उतरल्यावर अर्ध्या तासावर कड्याच्या टोकाला टेहळणीचा जुना बुरूज, ढासळलेला, दगड विखुरलेले.' मी भाषा जरा नीट केली आणि छापलं. भाऊ चालला म्हणजे मीच चाललो, असं तेव्हा वाटलं.

पुढच्याच वर्षी दादाने आराखडे काढायच्या कचेरीतली कायमची नोकरी सोडली आणि त्या नावाड्याच्या मुलीशी लग्न करून तिथेच राहिला. घरजावई. नाव वल्हवायला. का, ते आजतागायत कोणाला कळलं नाही. आमचे बाबा गवंडी होते. एका मुलाला कचेरीत बसवण्यासाठी त्यांनी हाडांची काडं केली होती. त्यांनी दादाशी बोलणं टाकलं. मी टाकलं नव्हतं, फक्त जाणं जमलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी दादाचं एक कार्ड आलं होतं. बुरुजाच्या मजकुरात एक ओळ घाल म्हणाला: 'जाणाऱ्याने एक दगड उचलून जागेवर ठेवावा.' मला ओळ भाबडी वाटली, पण यात्रेकरूंना असलं आवडतं म्हणून घातली. आभाराचं उत्तर पाठवायचं राहून गेलं.

१० मार्च, सकाळ

अध्यक्षांना फोन लावला. म्हटलं, पाचव्या टप्प्याचा फॉर्म मागच्या माहितीवरून भरतो, पाय दुखतोय.

"छे छे, तोच तर सगळ्यात महत्त्वाचा!" बुरुजाच्या जागी गाड्या उभ्या करायला सपाट मैदान करायचं घाटत आहे म्हणे. वास्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी ठरली तर कोणी हात लावू शकणार नाही, नाहीतर पावसाळ्याआधी यंत्र लावून साफ. "आणि जुनी असल्याचा पुरावा काय जोडलाय माहितीय? तुमचं पुस्तक! तुम्ही चौतीस वर्षांपूर्वी 'जुना, ढासळलेला' म्हणून डोळ्यांनी पाहून लिहिलंय. आता फक्त सही करा की झालं."

फोन ठेवला. पुतणी समोर चहा पीत होती. "पाय खरंच दुखतोय का काका?" तिने विचारलं.

"दुखतो म्हटलं ना!"

चोराच्या मनात चांदणं. मी कारण नसताना ओरडलो.

११ मार्च

नदी. नाव आता इंजिनाची आहे आणि ती चालवायला पगारी माणूस आहे. खानावळ तशीच, म्हणजे दादाच्या अंत्यविधीला तासभर आलो होतो तेव्हा पाहिली तशी. लांब टेबल, बाकं, भिंतीला यात्रेकरूंच्या काठ्या टेकवलेल्या. वहिनी बटाटे सोलत होत्या. उठल्या नाहीत.

"या भावोजी. वाट सापडली म्हणायची."

म्हटलं, "वहिनी, कामामुळे..."

"बसा. पाय धुवून घ्या, मग काम सांगा."

जेवताना त्या लेकीशी बोलत होत्या, मला वाढत होत्या. वाढण्यात कसूर नाही. खिडकीखालच्या फळीवर माझ्या पुस्तकाच्या सहाही आवृत्त्या ओळीने लावलेल्या दिसल्या. मी एकही पाठवली नव्हती. दादाने विकत घेतल्या असणार. बरं वाटायला हवं होतं, पण मी फळीकडे पाठ करून बसलो.

उद्या बुरूज. तिथे काहीच नसेल तर? आठ दिवसांत पहिल्यांदाच पुतणी माझ्याआधी झोपायला गेली. मी मात्र इथे जाग्यावरच बसून आहे, शेळी बांधून ठेवावी तसा.

१२ मार्च, दुपार

आहे! बुरूज आहे!

नावेतून उतरून वळण घेतलं आणि कड्याच्या टोकाला समोरच उभा. गोल, वर निमुळता होत गेलेला, माझ्या दुपटीहून उंच. पुतणीच्या यंत्राने चार मीटर दहा. मी खरंच खाली बसलो आणि हसत सुटलो. दादावर चौतीस वर्षं मनातल्या मनात संशय घेतला, लाज वाटली त्याची. शब्दशः खरं लिहिलं होतं त्याने. उलट मीच 'ढासळलेला' ठेवून अन्याय केला, बुरूज चांगला खणखणीत आहे.

वरचा भाग ओबडधोबड आहे, लोकांनी येता-जाता दगड ठेवलेत ते कळतं. पण खालचे सहा-सात थर पाहावेत! चुन्याचा थेंब नाही आणि सांध्यावर सांधा कुठेही आलेला नाही. मोठा दगड, त्याच्या पोटाशी आतून ठोकलेली दगडाची बारीक चीप. सुरीचं पातं जाणार नाही. म्हटलं, "बघ, याला म्हणतात जुनं काम. दोनशे वर्षं तर डोळे मिटून. आता असे हात राहिले नाहीत."

"आजोबांचा हात वाटतो ना?" पुतणी म्हणाली.

"जुने गवंडी सगळे असेच," मी म्हणालो आणि फॉर्म मांडीवर घेतला.

ती पुढे झाली. गुडघ्यावर बसली, सहाव्या थरातला एक सांधा शोधला आणि पेन्सिलच्या टोकाने आतून काहीतरी उकरून काढलं. काचेची निळी गोटी.

"ही माझी. सहा वर्षांची होते तेव्हा घातली होती," ती म्हणाली. "काका, हा बुरूज तुमच्यापेक्षा लहान आहे. माझ्यापेक्षा थोडासाच मोठा."

१२ मार्च, संध्याकाळ

खानावळीत परतलो तो थेट वहिनींसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मला सगळं खरं सांगा. आवाज चढला होता, आजूबाजूला चार यात्रेकरू होते, त्याचं भान नव्हतं.

वहिनींनी हात पुसले. "खरं काय सांगायचं त्यात? इथून पुढे ते गेलेच नाहीत. पहिल्या दिवशी नाव आली, ते बाकावर बसून होते. म्हणाले, पुढच्या खेपेला जातो. दुसरी खेप आली. तिसऱ्या दिवशी माझे वडील म्हणाले, याला नावेची नाही, दुसरीच वाट बघायची आहे." त्या जराशा हसल्या. "तुमच्या वहीत काय लिहायचं म्हणून दोघं बसलो होतो. पलीकडे काही नाही हो, मी सांगितलं, नुसता कडा आणि वारा. ते म्हणाले, धाकट्याला एक वास्तू हवीच, नाहीतर पुस्तक अडेल त्याचं. मग म्हणाले, ढासळलेला बुरूज लिहितो. ढासळलेलं कोण मोजायला जातंय?"

"आणि मग?"

"मग पुस्तक निघालं. माणसं यायला लागली. पुस्तक उघडं धरून विचारायची, बुरूज कुठे आहे? एकाने तर इथे बसूनच सांगितलं, लेखक खोटारडा दिसतो. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे पलीकडे जायला लागले. पहिली नाव सुटायच्या आधी दोन तास. खालून किनाऱ्यावरचे दगड पाठीवर वर न्यायचे. अकरा वर्षं, भावोजी. पाठ गेली तेव्हा थांबले. मग तुम्हाला ते कार्ड टाकलं, लोकांनी एकेक ठेवावा म्हणून."

मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाही.

"सांगणार होते. तुमच्या सत्काराला आले होते की शहरात. तुम्ही भाषणात ते पहिलं वाक्य म्हणालात, प्रत्येक पाऊल वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मागच्या रांगेत होते. तसेच परत आले. मला म्हणाले, छान बोलला गं."

मला तो सत्कार आठवतो. दादा आला होता हे मला माहीत नव्हतं.

१३ मार्च

दादाचा राग आला आहे. खरंच आला आहे. कोणी सांगितलं होतं असले उपद्व्याप करायला? मला एक कार्ड टाकायचं होतं: बुरूज नाही, ओळ काढ. काढली असती. ओरडलो असतो, वर्षभर बोललो नसतो, पण काढली असती. त्याऐवजी पाठ मोडून घेतली आणि मूग गिळून बसला. आता भांडायचं कोणाशी?

दिवसभर नदीकाठी येरझारा घातल्या. दुपारी एकदम हलकं वाटलं. ठरवलं, मंडळाला सगळं कळवायचं. टप्पा चाललो नाही, बुरूज जुना नाही, बांधला कोणी, सगळं. मसुदाही मनात तयार झाला. चांगला झाला होता. 'वयाच्या बासष्टाव्या वर्षी एका लेखकाला हे कबूल करावं लागत आहे की' अशी सुरुवात.

वहिनींना वाचून दाखवावं तसं बोलून दाखवलं. त्या भांडी पुसत होत्या. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाल्या, "छान आहे. लोक म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस. तुम्ही मोकळे व्हाल. मग महिन्याभरात यंत्र येईल आणि त्यांची अकरा वर्षं ढकलून देईल समुद्रात."

"पण वहिनी, खोट्यावर सही कशी करू?"

"आतापर्यंत केलीत की. सहा आवृत्त्या. तेव्हा हात थरथरला नाही." ताट फळीवर आपटलं. "तुम्ही खोटे पडू नये म्हणून त्यांनी दगड वाहिले. आता तुम्हाला खरं व्हायचंय, तर त्याची किंमतही त्यांनीच मोजायची का? दर वेळी त्यांनीच का, भावोजी?"

पुतणीला विचारलं, तू सरकारी माणूस, तुझं काय मत. ती म्हणाली, "मी उंची मोजते, रुंदी मोजते. वय मोजायचं यंत्र मला मंडळाने दिलेलं नाही."

मसुदा सुरुवातीपासून माझ्याबद्दल होता, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. दादा त्यात तिसऱ्या परिच्छेदात येतो.

१४ मार्च

पाचवा टप्पा चाललो. सगळा. सकाळी साडेसहाला निघून संध्याकाळी सहाला पोहोचलो. पायाचे तुकडे पडले आहेत, लिहितो ते आडवा पडून.

वाट सरळ नाही. बुरूज सोडला की वाट आधी खाली उतरते, मग अशी काही वर चढते की हात टेकावे लागतात. मग काटेरी झुडपं, मग चिखल. पत्रात गुडघाभर लिहिलं होतं, माझ्या मांडीपर्यंत होता. एका जागी दोन वाटा फुटतात आणि दोन्हींच्या डाव्या हाताला समुद्र आहे! मी चुकीच्या वाटेने पाऊण तास गेलो. पुतणी मागून येत होती, तिला बरोबर वाट ठाऊक होती, तरी बोलली नाही. विचारलं तर म्हणाली, "म्हटलं, तुमच्या पुस्तकाप्रमाणे जाऊ."

बैलही होता.

माझी सगळी चिडचिड त्या दोन वाक्यांवर निघाली. किती जणांनी या चिखलात उभं राहून मला शिव्या दिल्या असतील! वयस्कर माणसं, मुलं घेतलेल्या बाया. अठ्ठेचाळीस जणांनी लिहिलं, म्हणजे हजारोंनी लिहिलं नसेल. आणि मी त्यांना आळशी ठरवून मोकळा झालो. बुरुजाचं खोटं त्या मानाने काहीच नाही. त्याने कोणाचा पाय मुरगळला नाही.

चढावर एका ठिकाणी दम खायला बसलो. मागे वळून पाहिलं तर बुरूज दिसत होता, आणि त्याच्यापलीकडे नदी, खानावळीचं छप्पर. पुतणीने सांगितलं की दादा म्हातारपणी इथवर येऊन बसायचा. पुढचं कधी पाहिलं नाहीच शेवटपर्यंत. म्हणायचा, धाकटा लिहील पुढचं.

मी रडलो. तिच्यासमोर. तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि समुद्राकडे बघत बसली. अकरा दिवसांत पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही.

१५ मार्च

इथल्या विश्रामगृहात टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत, उजेड चांगला आहे. सबब सांगायला काही उरलं नाही.

आधी सोपं काम उरकलं. पाचव्या टप्प्याची ती दोन वाक्यं काढून त्याजागी साडेचार पानं लिहिली. कुठे चढ, कुठे चिखल, फाट्यावर उजवी वाट धरायची, बैलाचा मालक बांधावरच्या घरात राहतो. शैली वगैरे काही नाही. मग प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य खोडलं. आडवी एकच रेघ मारली. पुतणी म्हणाली, त्याच्या जागी काय? म्हटलं, काही नाही, दुसऱ्या वाक्याने सुरुवात होऊ दे.

मग फॉर्म क्रमांक सात. मोजमाप तिने सांगितलं, मी लिहिलं. दगड: किनाऱ्यावरचा काळा. काळ: शंभर वर्षांहून अधिक. लिहून टाकलं. तळाची सही केली, ती मात्र खरी. वास्तू लेखकाने स्वतः पाहिलेली आहे.

राहिला 'बांधणारा'.

बाकी सगळ्या फॉर्मांवर या रकान्यात मी 'अज्ञात' लिहीत आलो, दीपगृहाला, पुलाला, मिठाच्या कोठारांना. विचारसुद्धा केला नव्हता. आज पेन टेकवून बसलो. दादाचं नाव लिहिलं की बुरूज जातो. नाही लिहिलं की दादा जातो. असला घाणेरडा फॉर्म कोणी काढला असेल? मी मंडळाला शिव्या दिल्या, अध्यक्षांना दिल्या, गाड्या घेऊन यात्रेला येणाऱ्यांना दिल्या. पुतणीने माझ्या शिव्या संपू दिल्या. शेवटी म्हणाली, "लिहा काका. बाबांना चालेल."

सख्ख्या भावाच्या नावाच्या जागी मी माझ्या हाताने 'अज्ञात' लिहिलं.

फॉर्म तिच्याकडे सरकवला. मोजणीदाराची सही खाली असते. आधीच्या प्रत्येक फॉर्मवर तिने घाईघाईत नुसती आद्याक्षरं मारली होती. या फॉर्मवर तिने पेन हातात धरून जरा वेळ घेतला, आणि मग पूर्ण सही केली. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सावकाश, सुवाच्य, कोणालाही वाचता येईल अशी. दादाचं नाव माझ्या 'अज्ञात'च्या बरोबर खाली आलं.

शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं फॉर्म मध्ये ठेवून बसून राहिलो.